न्यू जर्सी की टेक्सस? घर हलवायच्या आधी दोन्हीकडचं राहणीमान कसं तपासायचं

न्यू जर्सीत एडिसन, मनरो, प्लेन्सबरो भागातल्या मराठी घरांमध्ये गेली काही वर्षं एक विषय हमखास निघतो, अमके टेक्ससमध्ये डॅलसजवळ फ्रिस्कोला गेले, तमक्यांनी तिथेच प्लेनोला घर बुक केलं, तिकडे स्टेट टॅक्स नाही आणि इथल्या टाउनहाउसच्या पैशात तिकडे चार बेडरूमचं घर वर मीडिया रूम. खरंच आहे हे सगळं. पण तेवढ्या दोन गोष्टींवर निर्णय घेऊन लोक सामान बांधतात आणि बाकीचं तिकडे पोचल्यावर कळतं. मी जर्सीत बरीच वर्षं राहून आता डॅलसच्या उत्तरेला राहते, दोन्हीकडे जीवाभावाची माणसं आहेत, दर महिन्याला कुणीतरी फोन करून विचारतं की येऊ का तिकडे, म्हणून फोनवर जे सांगते ते एकदा नीट लिहून काढतेय.

सगळ्यात आधी, राज्यांची तुलना करू नका, दोन पत्त्यांची करा. टेक्सस आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं आहे, २५४ काउंट्या आहेत, आणि न्यू जर्सी जेमतेम अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडी मोठी, तरी तिच्यात ५६४ नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीचा टॅक्स वेगळा, शाळा वेगळी. त्यामुळे "टेक्ससमध्ये स्वस्त" ह्या वाक्यातून फार काही हाती लागत नाही. बीईए ही सरकारी संस्था दरवर्षी राज्यांची किंमत-पातळी काढते, देशाची सरासरी १०० धरली तर जर्सी १०८-१०९ च्या आसपास आणि टेक्सस ९७ च्या आसपास येतं, म्हणजे सरासरीनं दहा-बारा टक्क्यांचा फरक. तो बराचसा घराच्या खर्चाचा आहे. दूध, भाजी, पटेल ब्रदर्समधला तांदूळ ह्यात फार फरक पडत नाही. तेव्हा झिलो ही घरांची साइट उघडा, जर्सीतलं एक घर निवडा आणि टेक्ससमधलं एक, जे तुम्ही खरोखर घ्याल असं, आणि पुढचं सगळं त्या दोन पत्त्यांसाठी करा.

व्हिसा आणि नोकरी पहिली

हे मी पहिलं सांगते कारण इथे चूक झाली तर बाकीच्या हिशोबाला अर्थ उरत नाही. तुम्ही एच-वन ह्या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि कंपनी तीच ठेवून नुसतं घर हलवून रिमोट काम करणार असाल तरी कामाची जागा दुसऱ्या मेट्रो भागात गेली म्हणजे व्हिसाच्या अर्जात बदल, म्हणजे अमेंडमेंट, फाइल करावी लागते, २०१५ पासून हे स्पष्ट आहे, आणि ती हलायच्या आधी फाइल व्हायला हवी. ग्रीन कार्डचं तर अजून नाजूक, कारण पर्म, म्हणजे ग्रीन कार्डची पहिली पायरी असलेलं लेबर सर्टिफिकेशन, हे त्या ठराविक नोकरीचं आणि त्या ठराविक भागाचं असतं. जर्सीच्या ऑफिससाठी केलेलं पर्म डॅलसच्या ऑफिसला चालेलच असं नाही, बऱ्याचदा पुन्हा करावं लागतं. आय-१४०, म्हणजे कंपनीनं केलेली ग्रीन कार्डची पिटिशन, अप्रूव्ह झालेली असेल तर प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली आपली तारीख, आपलीच राहते, एवढा दिलासा आहे. आणि ४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, फाइल होऊन १८० दिवस झाले असतील तर तशाच प्रकारच्या नोकरीत जाता येतं. वकिलाला ई-मेल करून लेखी उत्तर घ्या, मॅनेजर "काही प्रॉब्लेम नाही" म्हणाला ह्यावर जाऊ नका, त्याला माहीत असायचं कारण नाही.

दुसरं, न्यू यॉर्कच्या कंपनीत असाल आणि टेक्सासहून घरून काम करणार असाल तर न्यू यॉर्क तुमच्या सोयीसाठी घरून काम करताय असं धरून पगारावर टॅक्स मागू शकतं. म्हणजे टेक्ससचा शून्य टॅक्स तुम्हाला मिळणारच नाही. कंपनीच्या पेरोलला आधी विचारा.

आणि एक, एकाची नोकरी मिळाली म्हणून निघताय ठीक आहे, पण दुसऱ्याचं क्षेत्र तिकडे आहे का? फार्मा, बायोटेक, क्लिनिकल ट्रायल्समध्ये असलेल्या बायकांना जर्सीत दहा कंपन्या जवळपास मिळतात, डॅलसमध्ये तेवढ्या नाहीत. उलट टेलिकॉम, बँकांचे मोठे कॅम्पस, एअरलाइन ह्या गोष्टी डॅलसकडे जास्त. दोघांचे रेझ्युमे घेऊन दोन्ही झिपकोडला लिंक्डइनवर शोध लावा, किती जागा दिसतात ते बघा, एका संध्याकाळचं काम आहे.

टॅक्स, नीट मांडून

टेक्ससमध्ये स्टेट इन्कम टॅक्स नाही, आणि २०१९ मध्ये मतदारांनी तो राज्यघटनेतच बंद करून टाकलाय त्यामुळे लवकर येण्याची भीती नाही. जर्सीत तो १.४ टक्क्यांपासून चढत जातो आणि दहा लाख डॉलरच्या वर १०.७५ टक्के होतो. लोक हा वरचा आकडा ऐकतात आणि घाबरतात, पण नवराबायको मिळून २ लाख डॉलर कमावत असाल तर जर्सीचा टॅक्स वजावटी धरायच्या आधी ८,७०० च्या आसपास बसतो, त्यात प्रॉपर्टी टॅक्सची १५,००० पर्यंतची वजावट घेतली की साडेसात हजारांच्या जवळ येतो. तर टॅक्समधली तुमची खरी बचत वर्षाला साडेसात हजार, हा आकडा कागदावर लिहा.

आता प्रॉपर्टी टॅक्स. जर्सीचा देशात सगळ्यात जास्त म्हणून कुप्रसिद्ध आहे, २०२४ मध्ये सरासरी बिल १० हजार डॉलरच्या वर गेलं. टेक्ससला इन्कम टॅक्स नाही म्हटल्यावर शाळा आणि रस्ते कुठून तरी चालणार, ते प्रॉपर्टी टॅक्समधून चालतात. एक उदाहरण करून बघू. दोन्हीकडे साडेसहा लाखांचं घर धरा. जर्सीत सव्वादोन टक्के धरले तर साडेचौदा हजार. फ्रिस्कोसारख्या जुन्या झालेल्या भागात शाळा, शहर, काउंटी, कॉलेज सगळं मिळून दर साधारण १.७ टक्के, म्हणजे अकरा हजार, त्यातून राहत्या घराला मिळणारी होमस्टेडची सूट जाऊन साडेनऊच्या आसपास. पण तुम्हाला जी नवीकोरी कम्युनिटी आवडलीय, स्विमिंग पूल, लगून, क्लबहाउसवाली, ती बऱ्याचदा एमयूडी किंवा पीआयडीमध्ये असते, म्हणजे तिथले पाण्याचे पाइप, रस्ते बांधायला जे कर्ज काढलं ते तिथे राहणारे फेडतात, आणि मग एकूण दर अडीच टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. साडेसहा लाखांवर अडीच टक्के म्हणजे सोळा हजारांच्या वर, सूट जाऊन पंधराच्या जवळ. जर्सीपेक्षा जास्त! म्हणून बिल्डरच्या ऑफिसात बसल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा की एकूण टॅक्स रेट किती आणि त्यात एमयूडी-पीआयडी किती, आणि ते लेखी मागा.

नवीन घरात एक गोष्ट फार लोकांना लागते. पहिल्या वर्षी १ जानेवारीला घर अर्धवट बांधलेलं किंवा नुसती जमीन असते, म्हणून टॅक्स फक्त जमिनीवर लागतो, लेंडर त्यावरून एस्क्रो, म्हणजे टॅक्ससाठी हप्त्यातून बाजूला ठेवायचे पैसे, ठरवतो, मंथली पेमेंट मस्त दिसतं. दुसऱ्या वर्षी पूर्ण घरावर बिल येतं, एस्क्रो कमी पडतो, आणि एकदम महिन्याला हजारभर डॉलर वाढल्याचं पत्र हातात पडतं, कारण मागची तूट आणि पुढची भर दोन्ही एकत्र येतात. क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होण्याच्या, वेळीच पूर्ण किमतीवर टॅक्स काढून तेवढे पैसे बाजूला टाकत गेलात तर काही होत नाही.

टेक्ससमध्ये होमस्टेड एक्झेम्प्शन स्वतः अर्ज करून घ्यावं लागतं, काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणारी पत्रं आली तर फेकून द्या. शाळेच्या टॅक्ससाठीची सूट २०२३ मध्ये ४० हजारांवरून १ लाख झाली आणि २०२५ मध्ये १ लाख ४० हजार. ह्याचा अजून एक फायदा म्हणजे राहत्या घराची टॅक्ससाठीची किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. आणि दरवर्षी एप्रिलमध्ये किमतीची नोटीस आली की प्रोटेस्ट करायचा, म्हणजे ती किंमत जास्त आहे अशी हरकत घ्यायची, साधारण १५ मे ही शेवटची तारीख असते. इथे लोक हे दरवर्षी करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त टेक्ससमध्ये घर कितीला विकलं गेलं हे सरकारदरबारी जाहीर करायची सक्ती नाही, त्यामुळे झिलोवर शेजारच्या घरांच्या विक्रीच्या किमती दिसत नाहीत, त्या एजंटकडून मागवाव्या लागतात. जर्सीत सगळं उघड असतं.

जर्सीत उलट चूक होते ती अशी की लोक दोन टाउनचे छापील टॅक्स रेट शेजारी ठेवतात. एका टाउनमध्ये घरांचं मूल्यांकन गेल्या वर्षी झालं आणि दुसऱ्यात वीस वर्षांपूर्वी, मग छापील दराची तुलना कशी होणार. इफेक्टिव्ह रेट बघा, किंवा सरळ त्या घराचं गेल्या वर्षीचं बिल आणि बाजारभाव घेऊन भागाकार करा. आणि एक दिलासा, फेडरलमध्ये स्टेट आणि प्रॉपर्टी टॅक्सची वजावट जी १० हजारांवर अडकली होती ती २०२५ पासून ४० हजारांपर्यंत गेलीय, उत्पन्न ५ लाखांच्या खाली असेल तर पूर्ण मिळते. म्हणजे जर्सीत भरलेल्यातलं थोडंफार फेडरलमधून परत येतं, आणि टेक्ससची बचत तेवढी कमी दिसायला लागते.

सेल्स टॅक्स जर्सीत ६.६२५ टक्के आणि कपड्यांवर नाही, डॅलस भागात ८.२५ आणि कपड्यांवर आहे. किराण्यावर दोन्हीकडे नाही.

घर सांभाळायचा खर्च

ह्याच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि मला ह्यावरच सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं.

उत्तर टेक्ससची जमीन काळी आहे. मराठवाडा-विदर्भात वाढलेल्यांना सांगायला नको, तीच माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. घर त्यावर एका काँक्रीटच्या स्लॅबवर उभं असतं, बेसमेंट नसतं. माती एका बाजूला सुकली आणि दुसऱ्या बाजूला ओली राहिली की स्लॅब हलतो, मग दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग भिंतीवर चढते, दारं घासायला लागतात, विटांमध्ये जिन्यासारख्या फटी दिसतात. म्हणून इथे लोक उन्हाळ्यात घराच्या कडेनं झिरपणारा होज टाकून पायाला पाणी घालतात, झाडांना घालतो तसं, ठरलेल्या वेळी. जुनं घर बघायला गेलात की हे बघा: दारं सहज लागतात का, खिडक्यांच्या कोपऱ्यात पुटी भरून नवा रंग मारलाय का, घराच्या अगदी जवळ मोठं झाड आहे का. आणि फाउंडेशनचं काम झालेलं असेल तर त्याची वॉरंटी नवीन मालकाच्या नावावर होते का ते विचारा. साध्या इन्स्पेक्शनवर थांबू नका, शंका आली तर स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा, पाच-सहाशे डॉलर जातात पण ते द्यावेत.

दुसरं म्हणजे गारा. डॅलस भागात वसंतात गोल्फच्या चेंडूएवढ्या गारा पडतात आणि छप्पर बदलावं लागणं ही इथे नेहमीची गोष्ट आहे. होम इन्शुरन्सचं कोटेशन घेताना नुसता प्रीमियम बघू नका, वारा-गारांसाठीचं डिडक्टिबल वेगळं असतं आणि ते टक्क्यात लिहिलेलं असतं. ५ लाखांच्या कव्हरवर २ टक्के म्हणजे पहिले १० हजार तुमच्या खिशातून. आणि छपराला रिप्लेसमेंट कॉस्ट देतात की घसारा कापून देतात, ह्या एका ओळीवर मोठा फरक पडतो, बारा वर्षं जुन्या छपराला घसारा कापून फारसं काही हातात येत नाही. जर्सीत ज्या घरात राहता त्याची पॉलिसी काढून शेजारी ठेवा, प्रीमियम बराच कमी असतो हे दिसेल.

जर्सीचं दुखणं पाण्याचं. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या उरलेल्या पावसानं एका रात्रीत जर्सीत ३० च्या आसपास माणसं गेली, कितीतरी बेसमेंट भरली. घर घेताना फेमा ह्या सरकारी आपत्ती संस्थेचा फ्लड मॅप बघा, बेसमेंटमधलं पाणी उपसणाऱ्या सम्प पंपला बॅटरी बॅकअप आहे का बघा, आणि बेसमेंटच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ दिसतेय का ते टॉर्च लावून बघा.

विजेचं म्हणाल तर, टेक्ससमध्ये बहुतेक ठिकाणी वीज कंपनी तुम्हाला निवडावी लागते, पॉवर टू चूझ ह्या सरकारी साइटवर शेकडो प्लॅन असतात. तिथे सगळ्यात वर दिसणारा स्वस्त प्लॅन बऱ्याचदा बरोबर १००० युनिट वापरले तरच स्वस्त असतो, कारण १००० ला पोचलात की बिलात मोठी सूट देतात, ९८० वापरले की सूट गेली. प्रत्येक प्लॅनबरोबर इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल असतं, त्यात ५००, १००० आणि २००० युनिटचे तिन्ही दर लिहिलेले असतात. तिन्ही जवळजवळ सारखे असलेला प्लॅन घ्या. ऑगस्टमध्ये दोन मजली घराला २००० युनिट सहज लागतात आणि मार्चमध्ये ७००, म्हणून. जर्सीत असली निवडीची कटकट नाही पण जून २०२५ पासून बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली आणि थंडीत गॅस हीटिंगचं बिल वेगळं.

टेक्ससचं विजेचं ग्रिड बाकी देशापासून जवळपास वेगळं आहे. फेब्रुवारी २०२१ च्या बर्फात ते कोसळलं, लाखो घरं दिवसेंदिवस अंधारात आणि गोठलेली, सरकारी आकड्यानुसार २४६ माणसं गेली. त्यानंतर पॉवर प्लांटना थंडीची तयारी सक्तीची केलीय. तरी पाइप गुंडाळणं, मुख्य नळ कुठे बंद होतो हे घरातल्या सगळ्यांना माहीत असणं, हे मी पहिल्याच आठवड्यात करा म्हणते.

आजारपण, बाळंतपण, लेऑफ

चांगली नोकरी, चांगला इन्शुरन्स असताना दोन्हीकडचे डॉक्टर उत्तम, हॉस्पिटलं उत्तम. फरक पडतो तो वाईट दिवसांत. टेक्ससमध्ये विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त, १६ टक्क्यांच्या आसपास, जर्सीत ७ च्या आसपास, कारण टेक्ससनं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, वाढवलंच नाही. बेकारी भत्ता जर्सीत आठवड्याला ८०० डॉलरच्या वर जाऊ शकतो, टेक्ससमध्ये ६०० च्या आसपास थांबतो.

बाळाचा विचार असेल तर हे नीट वाचा. जर्सीत बाळंतपणासाठी राज्याची डिसॅबिलिटी आधी साधारण ४ आठवडे आणि नंतर ६ (सिझेरियन असेल तर ८), आणि त्यावर फॅमिली लीव्ह १२ आठवडे, पगाराच्या ८५ टक्क्यांपर्यंत, आठवड्याला हजारपेक्षा थोडी जास्त अशी मर्यादा. बापालाही ते १२ आठवडे मिळतात. सासू-सासरे किंवा आईवडील आजारी पडले तर त्यांच्या सेवेसाठीसुद्धा घेता येतात. टेक्ससमध्ये राज्याचं असं काहीच नाही, कंपनी देईल ते. म्हणून नवीन ऑफर लेटरमध्ये पगाराबरोबर पेड लीव्ह किती आठवडे ते विचारा, आणि जर्सीत मिळणाऱ्या आठवड्यांची डॉलरमध्ये किंमत काढा, सहज १५ हजारांच्या वर जाते.

टेक्ससमध्ये २०२२ पासून गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे, आईच्या जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका असेल तेवढाच अपवाद, आणि तो डॉक्टरांना नीट कळावा म्हणून २०२५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. जर्सीत तो हक्क कायद्यानं पक्का आहे. तुमचं मत काहीही असो, आधी आपोआप गर्भपात (मिसकॅरेज) होऊन गेलेला असेल, वय पस्तिशीच्या पुढे असेल, आयव्हीएफ चालू असेल तर हा प्रश्न नवऱ्याबरोबर आणि डॉक्टरबरोबर बसून बोलायचा आहे, नुसतं गप्प बसून पुढे जाऊ नका.

शाळा आणि कॉलेज

शाळांच्या राष्ट्रीय परीक्षांमध्ये जर्सी सातत्यानं पहिल्या काही राज्यांत असते, हे खरं. पण फ्रिस्को, प्लेनो, कॉपेलच्या शाळांची तुलना टेक्ससच्या सरासरीशी करू नका, त्या एडिसन-साउथ ब्रन्सविकच्या तोडीच्या आहेत. स्पर्धाही तशीच. टेक्ससमध्ये डिस्ट्रिक्ट मोठे असतात, त्यांच्यात अनेक हायस्कूलं असतात आणि हद्दी बदलत राहतात, म्हणून घराच्या पत्त्याला सध्या कुठली शाळा आहे हे एजंटकडून नको, डिस्ट्रिक्टच्या साइटवर पत्ता टाकून बघा.

केजीत जायचं मूल असेल तर टेक्ससमध्ये १ सप्टेंबरला पाच पूर्ण हवीत, जर्सीत बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये १ ऑक्टोबर. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलाचं एक वर्ष आणि एका वर्षाचं डे केअर ह्यात जातं.

हायस्कूलमधलं मूल असेल तर यूटी ऑस्टिन ह्या टेक्ससच्या सरकारी विद्यापीठाचा नियम समजून घ्या. टेक्ससमधल्या प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या ठराविक टक्के मुलांना तिथे आपोआप प्रवेश मिळतो, आधी ६ टक्के होता, २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्के. साध्या शाळेत हुशार मूल सहज त्यात येतं, पण जिथे अर्धा वर्ग आपल्याच मुलांचा आणि सगळ्यांनी चौथीपासून गणिताचे क्लास लावलेले, तिथे ९७ टक्के मार्कांचं मूलही बाहेर राहतं. आणि प्रवेश विद्यापीठात मिळतो, कॉम्प्युटर सायन्सला मिळतोच असं नाही. इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या मुलांसाठीची, फी यूटीची जर्सीच्या सरकारी रटगर्स विद्यापीठापेक्षा कमी आहे, रटगर्सची १८ हजारांच्या आसपास, यूटीची विषयाप्रमाणे ११ ते १४. इन-स्टेट धरायला साधारण १२ महिन्यांचं वास्तव्य लागतं, त्यामुळे मूल बारावीत असताना हलू नका, आणि अकरावीतसुद्धा शक्यतो नको, मित्र तुटतात ते वेगळंच.

रोजचा दिवस

जर्सीत मेट्रोपार्क किंवा प्रिन्स्टन जंक्शनला गाडी लावून ट्रेननं न्यू यॉर्क गाठता येतं, उशीर होतो, गर्दी असते, पण ट्रेनमध्ये बसून पुस्तक वाचता येतं. फ्रिस्को तर डार्टचं, म्हणजे डॅलसच्या बस-ट्रेन सेवेचं, सभासदच नाही, सगळं ड्रायव्हिंग, आणि वेळ वाचवायचा तर टोल. गूगल मॅप्सवर मंगळवारी सकाळी ८ ला निघायची वेळ टाकून ऑफिस, डे केअर, देऊळ, इंडियन ग्रोसरी सगळ्यांचे रस्ते बघा आणि आठवड्याचे तास मोजा. महिन्याचा टोल पण लिहा.

आईवडील सहा महिने येणार असतील तर त्यांचा दिवस वेगळा मोजा. एडिसनच्या ओक ट्री रोडच्या, म्हणजे भारतीय दुकानांच्या रस्त्याच्या, जवळ राहिलात तर बाबा चालत जाऊन भाजी आणतात, कुणीतरी भेटतं, गप्पा होतात. डॅलसच्या सबर्बमध्ये फुटपाथ छान असतात, तळ्याभोवती ट्रेल असतात, पण जून ते सप्टेंबर सकाळी सातच्या आत फिरून यावं लागतं, दुपारी ३८-४० डिग्री असतं आणि तुम्ही ऑफिसातून येईपर्यंत ते घरातच. जर्सीत हाच प्रश्न डिसेंबर ते मार्च येतो. म्हणून ते कोणत्या महिन्यांत येतात हे आधी ठरवा. थेट विमानाचंही बघा, न्यू यॉर्क-न्यूअर्कहून भारतात थेट जाता येतं, डॅलसहून बहुतेक दोहा, दुबई किंवा युरोपात बदलावं लागतं, आणि व्हीलचेअर घेऊन एकट्या येणाऱ्या आईसाठी ही मोठी गोष्ट आहे.

मराठीपण दोन्हीकडे जपलेलं आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन २०१९ मध्ये डॅलसला झालं आणि २०२२ मध्ये अटलांटिक सिटीला. जर्सीत मराठी विश्व हे मंडळ आहे, नाटकांचे दौरे आले की जर्सीचा प्रयोग सहसा चुकत नाही. डॅलसमध्ये गणपती, दिवाळी, मराठी शाळा सगळं आहे, माणसं नवीन असल्यामुळे लवकर जवळ येतात असा माझा अनुभव. मराठी शाळा घरापासून किती मैलांवर भरते ते विचारा, रविवारी सकाळी पाऊण तास ड्राइव्ह असेल तर मुलं दुसऱ्या वर्षी सोडतात. डिस्ट्रिक्टच्या कॅलेंडरमध्ये दिवाळीची सुट्टी आहे का तेही बघा, जर्सीत बऱ्याच ठिकाणी आहे.

प्रत्यक्ष बघायला जायचं तर चांगल्या हवेत जाऊ नका. डॅलसला एप्रिलमध्ये रानफुलं फुललेली असतात, कुणालाही आवडेल, ऑगस्टमध्ये जा आणि दुपारी चार वाजता पार्किंगमध्ये मुलाला कारसीटमध्ये बसवून बघा. टेक्ससहून जर्सीला जाणाऱ्यांनी फेब्रुवारीत जावं, बर्फ काढून ऑफिस गाठावं. हॉटेलात नको, ज्या भागात राहायचंय तिथे घर भाड्यानं घेऊन आठवडाभर कामाचे दिवस काढा. आणि हललात तरी पहिलं वर्ष भाड्यानं राहा, मी सगळ्यांना हेच सांगते, कारण भाग कळायला चारही ऋतू लागतात आणि घर घेऊन लगेच विकायचं म्हटलं तर एजंट आणि क्लोजिंगमध्येच काही वर्षांची टॅक्सची बचत जाते.

ठरलंच टेक्सस, तर तारखा लिहून ठेवा. गाडीचं रजिस्ट्रेशन ३० दिवसांत, लायसन्स ९० दिवसांत. गाड्यांचं वार्षिक सेफ्टी इन्स्पेक्शन २०२५ पासून बंद झालंय पण डॅलस, कॉलिन, डेंटन काउंटीत एमिशन टेस्ट अजून लागते. घर घेतलं असेल तर होमस्टेडचा अर्ज. जर्सीचा त्या वर्षीचा रिटर्न वर्षाच्या काही भागाचा रहिवासी म्हणून भरायचा. आणि जर्सीतलं घर विकताना क्लोजिंगला जीआयटी/आरईपी फॉर्म लागतो, लोक त्याला एक्झिट टॅक्स म्हणून घाबरतात, पण तो आगाऊ भरायचा टॅक्स आहे, वेगळा दंड नाही. तुम्ही स्वतः राहत होतात असं घर असेल तर बहुतेक वेळा आरईपी-३ भरून सूट मिळते. पण घर भाड्यानं देऊन टेक्ससला गेलात आणि काही वर्षांनी विकलंत तर विक्रीच्या किमतीच्या किमान २ टक्के क्लोजिंगलाच कापून जातात आणि रिटर्न भरल्यावर हिशोब होतो, म्हणजे साडेसहा लाखांच्या घरावर १३ हजार काही महिने अडकून पडतात. भाड्यानं द्यायचा विचार असेल तर जायच्या आधी सीपीएला, म्हणजे टॅक्सच्या अकाउंटंटला, एक तास द्या.